तपकिरी रेघ

स्लाइडवर शाई दिसली आणि तिचा हात फोकसच्या चाकावरच राहिला. आतड्याच्या भिंतीच्या खालच्या थरात काळे बारीक ठिपके होते, मिरपूड सांडावी तसे. हा रोग नव्हे, रंग देताना पडलेला डागही नव्हे. दुर्बिणीतून आतडं तपासताना गाठ दिसली की डॉक्टर तिच्याशेजारी शाईची सुई टोचून खूण करून ठेवतात, म्हणजे पुढे पोट उघडणाऱ्याला जागा शोधत बसावं लागत नाही. हे तिने वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं, पण या क्षणी तिला त्यातलं काही आठवलं नाही. आठवला तो दादा. तपासणीहून घरी आल्यावर सोफ्यावर आडवा होऊन तो म्हणाला होता, "या वयात गोंदवून आलोय. तेही आतून. कुणाला दाखवायची सोय नाही." वहिनीने तोंड फिरवलं होतं आणि हिला मात्र खुदकन हसू आलं होतं. आता खोलीत यंत्राची घरघर चालू होती, समोरच्या टेबलावर मोठ्या बाई दुसऱ्या मायक्रोस्कोपवर वाकून बसल्या होत्या, खिडकीतून नेहमीचा पांढरट उजेड येत होता, आणि तिच्या डोळ्यांपुढे, कित्येक पट मोठा होऊन, तिचा भाऊ पडला होता.

तसं म्हणायला पुरावा काही नव्हता. हॉस्पिटलातून संशोधनासाठी येणाऱ्या गाठींच्या तुकड्यांची नावं तिकडेच काढून टाकतात; इकडे येतो तो नुसता नंबर. वाचणाऱ्याला माणूस कळला तर तो आपल्याला हवं तेच बघतो, म्हणून ही खबरदारी. एकच ट्रे दोघी वेगवेगळ्या वाचतात, मोठ्या बाई आणि ती, आणि दोघींचं वाचून होईपर्यंत त्या ट्रेबद्दल खोलीत अवाक्षर काढायचं नाही असा बाईंचा शिरस्ता. कुणी 'अरेरे' असं नुसतं पुटपुटलं तरी बाई चष्म्यावरून बघत, आणि मग ती स्लाइड दोघींनी पहिल्यापासून वाचायची. नव्याने आलेल्यांना हे खूळ वाटे. बाईंचं म्हणणं सरळ होतं: एकीचा उसासा दुसरीच्या डोळ्यांत जातो. तेव्हा नाव नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती. पण ट्रेवर लिहिलेला महिना दादाच्या ऑपरेशनचा होता, हॉस्पिटल तेच होतं, आणि ट्रेमध्ये आतापर्यंत शाई दिसली होती ती या एकाच स्लाइडवर. तिने सुतावरून स्वर्ग गाठला. किंवा स्वर्ग नव्हे, दुसरं जे काही असतं ते.

ज्या जनुकावर तिच्या आयुष्याची मधली सगळी वर्षं गेली होती, ते जनुक एक साधं काम करतं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन बनवतं. स्लाइडवर त्या प्रथिनाला तपकिरी रंग चढतो. निरोगी आतड्यात पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात आणि दर दोघींच्या मध्ये एक तपकिरी रेघ असते, पट्टीने मारावी तशी. गाठीच्या मधोमधसुद्धा ती रेघ पुष्कळदा शाबूत असते. बघायची ती कड. गाठ जिथे संपते आणि धडधाकट शरीर सुरू होतं, तिथे काही पेशी ते जनुक बंद करतात. रेघ फिकट होते, मग दिसेनाशी होते, आणि एकटीदुकटी पेशी घोळक्यातून सुटून पुढे शिरते. तिथून लसिकाग्रंथीत, तिथून यकृतात. माणसाचा घात बहुतेक वेळा मूळ गाठ करत नाही, या सुटलेल्या करतात. या स्लाइडच्या कडेला रेघ नव्हती. उजवीकडून डावीकडे सरकवत गेली तरी नव्हती. सुटलेल्या पेशी जिकडेतिकडे होत्या, कुणाची परवानगी न घेता बसल्यासारख्या. अर्ध्यावरच तिने दिवा विझवला, स्लाइड काढून ट्रेमध्ये तिच्या खाचेत उभी केली आणि पुढची लावली. त्या स्लाइडपुढे सुटलेल्या पेशींचा आकडा लिहिला नाही. बाईंनी मान वर केली नाही.

दादाला तिने हे सगळं एकदा समजावून सांगितलं होतं, आजार यायच्या कितीतरी आधी. दादाची ड्रायव्हिंग स्कूल होती. निम्म्या गावाला त्याने गाडी शिकवली होती आणि बाकीच्या निम्म्याला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, न शिकण्याचा सल्ला दिला होता. त्याच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडल होतं, आणि गप्पा मारत, शेंगा सोलत, शिकाऊ माणसाची खिल्ली उडवत असतानासुद्धा त्याचा पाय त्या जादा ब्रेकवर अधांतरी असे. "म्हणजे तुझ्या त्या पेशींचे ब्रेक तुटतात?" त्याने विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तुटत नाहीत, तीच तर गंमत. जनुक जागच्या जागी असतं, एक अक्षर बदललेलं नसतं. फक्त कुणी ते वाचत नाही. ब्रेक शाबूत आहे, पण पाय काढून घेतलाय." दादाने विचार केला होता. "मग बरंय की. तुटलेला ब्रेक गॅरेजला न्यावा लागतो. काढलेला पाय परत ठेवता येतो." हे त्याचं वाक्य तिने पुढे कितीतरी भाषणांत वापरलं, त्याचं नाव न सांगता. जनुक असणं वेगळं आणि जनुक चालू असणं वेगळं, आणि म्हणून आशेला जागा आहे, असं ती शेवटच्या चित्राशी येऊन म्हणे, आणि लोक टाळ्या वाजवत. आता तीच आशा आपल्या घरातल्या माणसाला लावून बघायची वेळ आली तर तिने दिवाच विझवला. लोकांना सांगायचं ब्रह्मज्ञान नि आपण कोरडे पाषाण, असं ती स्वतःलाच म्हणाली, पण म्हणून काही पाषाणाला पाझर फुटला नाही.

आणि गोष्ट नुसती हळहळण्याची नव्हती. तिच्या एका शब्दावर काहीतरी अडून बसलं होतं. गाठ काढताना सोबत काढलेल्या लसिकाग्रंथींपैकी एकीत रोग सापडला होता, यकृत साफ होतं, आणि डॉक्टरांनी केमो घ्या म्हणून सांगितलं होतं. त्यातल्या एका औषधाने हातापायांची बोटं बधिर होतात, गार वस्तूला हात लावला तर मुंग्या येतात, आणि काहीजणांचं ते पुरतं जातही नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. "तळपायाला पेडल कळलं नाही तर मी शिकवू काय, हॉर्न वाजवायला?" दादा म्हणाला होता. मग तिच्याकडे बोट दाखवून, "दुर्बीण सांगेल तसं करीन." लहानपणापासून तो तिला दुर्बीण म्हणत आला होता, कारण तिला प्रत्येक गोष्ट उघडून आत बघायची असे: त्याचं घड्याळ, त्याचा रेडिओ, एकदा तर त्याच्या सायकलचा हब. मायक्रोस्कोप आणि दुर्बीण यांतला फरक त्याला ती मोठी शास्त्रज्ञ झाल्यावरही मुद्दाम कळत नसे. डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं या आठवड्याअखेर. रोज संध्याकाळी फोनवर तो विचारे, "मग काय गं, काय ठरवलंस माझं?" आणि ती म्हणे, "बघू." शाई दिसायच्या आधी ती 'बघू' म्हणे तेव्हा ती खरंच बघत होती, लेख वाचत होती, टक्केवारी तोलत होती. आता ती 'बघू' म्हणे कारण तिने बघितलं होतं.

घरी जाताना ती रोजच्या रस्त्याने चालली आणि रस्ता रोजचा राहिला नव्हता. सिग्नलपाशी माणसांचा घोळका उभा होता, हिरवा दिवा लागल्यावर तो सुटला, आणि तिला नको ती उपमा सुचली. तिने ती झटकली. पेशी म्हणजे माणसं नव्हेत, असं ती विद्यार्थ्यांना दटावून सांगत असे. पेशीला जायचं नसतं, पोचायचं नसतं, ती दुष्ट नसते. चांभाराच्या दुकानापुढे एक बाई चपलेचा अंगठा शिवून घेत एका पायावर उभी होती. इस्त्रीवाल्याकडे वाफ निघत होती. सगळं जागच्या जागी होतं आणि तिला वाटत होतं की आपण या सगळ्यांच्या मागे काहीतरी लपवून चाललोय. लपवणं. हा शब्द मनात आला आणि तिला आई आठवली. आई आजारी होती तेव्हा डॉक्टर जे म्हणाले ते दादाने एकट्याने ऐकलं होतं, विशीतल्या पोराने, आणि हिची शेवटची परीक्षा संपेपर्यंत तोंडातून ब्र काढला नव्हता. तोवर रोज जेवताना तो तिला हसवत असे. वेड्यासारखे विनोद, मास्तरांच्या नकला. नंतर कळलं तेव्हा ती त्याच्यावर किती भडकली होती. वर्षभर धड बोलली नव्हती. माझी आई होती, मला का नाही कळू दिलंस, हे पालुपद. आणि त्या रागातच तिने ठरवलं होतं की या माणसापासून आपण कधी काही लपवायचं नाही, म्हणजे त्याला धडा मिळेल. तीस वर्षं तिने ते पाळलं. नवऱ्याशी भांडण झालं तरी पहिलं दादाला कळे. आणि आता तो विनोद करत होता आणि ती त्याला हसून दाखवत होती, अगदी त्याने दाखवलं होतं तसं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत एक चांगली गोष्ट घडली आणि तिला ती चांगली वाटलीच नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी ती बशांमध्ये वाढवत असे, आणि त्यांतल्या काही बशांत एक औषध घातलेलं होतं. जनुकावर ज्या रासायनिक चिकटपट्ट्या बसल्यामुळे ते वाचलं जात नाही, त्या हळूहळू सोडवणारं. वर्षभर त्यातून काही निष्पन्न होत नव्हतं. त्या दिवशी तिने बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली तर एरवी लांबुडक्या होऊन, पाय ताणून एकेकट्या पडणाऱ्या पेशी जवळजवळ सरकल्या होत्या, फरशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना लागून बसल्या होत्या. पाय परत ब्रेकवर आला होता. एरवी तिने सगळ्या मजल्याला बोलावून दाखवलं असतं. तिने फोटो काढला, तारीख घातली, बशी उबेच्या कपाटात ठेवली आणि हात धुतले. बशीतलं बशीत, तिला वाटलं. बशीत माणूस नसतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनाने दादाच्या यकृतात केव्हाच घरं बांधली होती, ग्रंथीत वस्त्या वसवल्या होत्या, आणि वहिनीला एकटीला त्या सोफ्यावर बसवलंही होतं. दुपारी मोठ्या बाई हात पुसत तिच्या टेबलापाशी आल्या. त्या काहीच विचारत नसत. "तुमची एक राहिली," त्या म्हणाल्या. ती म्हणाली, "हो." बाई म्हणाल्या, "उद्या आकडे जुळवायचेत." आणि गेल्या.

त्या संध्याकाळी फोन न करता ती दादाच्या घरी गेली. तो घरासमोर उभ्या केलेल्या शिकवणीच्या गाडीत बसला होता, आपल्या नेहमीच्या बाजूला, आणि फडक्याने डॅशबोर्ड पुसत होता. ऑपरेशननंतर गाडी चालवायची त्याला अजून मनाई होती, बसायची नव्हती. ती चालकाच्या सीटवर जाऊन बसली. किती बारीक झालाय, तिच्या मनात आलं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

"दादा, मला तुला एक सांगायचंय."

"सांग. गाडी बंद आहे, कुठे आपटणार नाहीस."

"मी तुझी स्लाइड बघितली. तुझ्या गाठीची. आमच्याकडे आली संशोधनाला. नाव नसतं त्यावर, पण मी ओळखली. शाई होती."

दादाचा फडक्यावरचा हात थांबला. "केव्हा?"

"या आठवड्याच्या सुरुवातीला."

"म्हणून ते बघू बघू चाललंय होय." तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याचं अंग हललं, आणि तिला वाटलं तो रडतोय, पण तो हसत होता, टाके दुखू नयेत म्हणून पोट धरून. "अगं बाई," तो म्हणाला, "पण मी दिलीच नाही."

"काय दिली नाहीस?"

"तुकडा. ऑपरेशनच्या आधी एक डॉक्टर आला होता विचारायला, उरलेला भाग संशोधनाला देता का म्हणून. म्हटलं जातो कुठे? तर त्याने तुमचाच मजला सांगितला. म्हटलं नको रे बाबा, तिथे माझी बहीण बसते. लहानपणापासून माझ्या वस्तू उसकटायची सवय आहे तिला."

तिला आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं, आणि जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला अंगभर जाणवलं. आपण साप म्हणून भुई धोपटत होतो. शाई पुष्कळांना टोचतात, हे तिला ठाऊक होतं. तुकडा कापताना ती जागा आली तर दिसते, नाही आली तर नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना 'घाईने निष्कर्ष काढू नका' म्हणणाऱ्या बाईने काय केलं होतं? "नुसतं चेष्टेत नाही म्हणालास की खरंच?" तिने विचारलं.

"खरंच. तू बघणार, तुला कळणार, आणि मग तू मला सांगणार नाहीस. आणि तुझ्या चेहऱ्यावर तर सगळं छापून येतं. म्हटलं कशाला. आजारी मी आहे, हिला तरी हसू दे." तो फडकं झटकत म्हणाला. "आणि तू काय केलंस, तर परक्याची बघून सुतक धरून बसलीस."

ती रडली. चांगली रडली, स्टिअरिंगवर कपाळ टेकून. आईच्या वेळचा सगळा राग कुठेतरी आत अजून शिल्लक होता हे तिला आत्ता, तो विरघळताना, कळलं. या माणसाने तेव्हाही हेच केलं होतं आणि आताही हेच. दादाने तिला रडू दिलं आणि मग विचारलं, "कुणाची आहे मग ती?"

"कळायची सोय नाही."

"वाईट आहे?"

"कड वाईट आहे. पुष्कळ पेशी सुटल्यात."

"हं." त्याने फडक्याची घडी घातली. "ती माझी असती तर मला काय सांगितलं असतंस? घे की नको घेऊस?"

हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. तिने स्लाइड बघितली होती, दार लावलं होतं आणि दाराला पाठ लावून बसली होती. आता ती विचार करू लागली आणि अंगाचा दाह व्हावा तशी तिला स्वतःची लाज वाटली. केमो असते कुणासाठी? ज्यांच्या पेशी सुटल्यात त्यांच्यासाठीच. मूळ गाठ तर बादलीत पडलेली असते. औषध नसांतून हिंडतं ते हिंडणाऱ्यांना गाठायला. ती स्लाइड खरंच दादाची असती तर 'घे' म्हणायचं कारण दुप्पट झालं असतं, आणि नेमकं तेव्हाच तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ज्ञान पुरं होतं. पाय तिनेच काढून घेतला होता.

"घे म्हणाले असते," ती म्हणाली.

"असते? की म्हणायला हवं होतं?"

"म्हणायला हवं होतं. घाबरले, दादा."

"मग आता सांग. माझी न बघता."

"घे."

"बोटं?"

"बधिर होतील. बहुतेक परत येतील, थोडी तशीच राहतीलही. मी खोटं बोलणार नाही."

"पाय?"

"पायही."

त्याने त्याच्या बाजूचा ब्रेक एकदा दाबला, सोडला, पुन्हा दाबला, जणू ती जाणीव नीट लक्षात ठेवायची होती. "बरं," तो म्हणाला. "घेतो." आणि जरा वेळाने, "तो तुकडा अजून देता येतो का गं? की मुदत गेली?"

"ठेवलेला असतो. येतो देता."

"मग देऊन टाकतो. नाहीतरी ओळखण्यात तू कच्चीच आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राहिलेली स्लाइड तिने लावली. शाईचे ठिपके होते तिथेच होते आणि आता ती नुसती शाई होती. तिने कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, एकही जागा न गाळता वाचली. सुटलेल्या पेशी खूप होत्या, त्यात बदल झाला नव्हता. पण त्या दिवशी तिने अर्ध्यावर दिवा विझवला होता, म्हणून पलीकडचं तिला दिसलंच नव्हतं. गाठीपासून पार लांब, स्नायूंच्या थराशी, सुटलेल्या पेशींच्याच एका लहान पुंजक्यात दोघींच्या मध्ये रेघ होती. फिकट, तुटक, पण तपकिरी. ही खूण चांगलीच असते असं नव्हे, हेही तिला ठाऊक होतं. पळून गेलेल्या पेशीला नव्या जागी वस्ती करायची झाली की ती जनुक पुन्हा उघडते. पण बंद झालेलं जनुक या अनोळखी माणसाच्या शरीरात, कुणाच्या औषधाशिवाय, उघडलं होतं. उघडता येतं, एवढं त्यातून सिद्ध होत होतं, आणि ज्याला कुलूप उघडायचं आहे त्याला एवढं कळणं पुष्कळ असतं. तिने आकडा लिहिला. दुपारी मोठ्या बाईंशी जुळवला, तर दोघींचा एकच निघाला. बाईंनी स्लाइडवर त्या पुंजक्याच्या जागी बोट नेलं आणि म्हणाल्या, "हे बघितलंत ना? मी दोनदा बघितलं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या उठल्या आणि स्वतःहून दोघींसाठी चहा सांगून आल्या, जे त्या कधी करत नसत. चहा पिता पिता तिने त्यांना बशीतल्या पेशींचा फोटो दाखवला. बाईंनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला.

दादाची केमो सुरू झाली. तो हिवाळ्याचे हातमोजे घालून फ्रिज उघडू लागला, आणि मोज्यांसकट फोनवर तिची थट्टा करू लागला. मधल्या एका तपासणीत यकृत साफ निघालं, पुढच्या तपासणीतही. बोटं बधिर झाली, मग उजव्या पायाचा अंगठा थोडा शुद्धीवर आला असं तो सांगे, नातेवाईक आयसीयूतून बाहेर आल्याच्या थाटात. शिकवायला मात्र त्याने दुसरा माणूस ठेवला आणि स्वतः मागच्या सीटवर बसून दोघांनाही सूचना देऊ लागला. केव्हातरी नवा ट्रे आला. त्यात जुन्या ठेवणीतले, उशिरा परवानगी मिळालेले तुकडे होते. तिने तो टेबलावर ठेवला आणि वाचायला घ्यायच्या आधी, शिरस्ता मोडून, मोठ्या बाईंपाशी गेली.

"यात माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

बाईंनी डोळा मायक्रोस्कोपवरून उचलला. "कुठली?"

"माहीत नाही."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, चष्म्याच्या वरून नव्हे, काचांतून. "मग सगळ्याच नीट वाचा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाकल्या.

ती जागेवर येऊन बसली. भीती होती, पण बसू देत होती. तिने दिवा लावला, पहिली स्लाइड ठेवली आणि कडेपासून सुरुवात केली.